शू लागली तर काय? गोव्यात लहानग्यांचे वेश घरी करताना

गोव्यात लहान मूल असलेल्या घराला वर्षभर कुठला ना कुठला वेश लागतोच. गोकुळाष्टमीला बाळकृष्ण, दिवाळीला नरकासुर, 19 डिसेंबरच्या मुक्तिदिनाला शाळेत ‘आपल्या गोव्याचं काहीतरी’, संक्रांतीनंतर बोरन्हाण, मग कार्निव्हल, त्याच्या पाठोपाठ शिगमो, म्हणजे इथला शिमगा, आणि पाऊस लागला की 24 जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. नोकरीनिमित्त पुण्या-कोल्हापूरहून इथे आलेल्या घरांची पहिल्या वर्षी हमखास तारांबळ उडते. शाळेच्या ग्रुपवर संध्याकाळी निरोप येतो, ‘परवा वेशभूषा’, आणि रात्री नऊ वाजता आईबाबा दुकानं पालथी घालत असतात. हे त्यांच्यासाठी आणि ज्यांनी अजून सुईत दोरा ओवलेला नाही त्यांच्यासाठीही. मशीन लागणार नाही.

भाड्याच्या वेशाबद्दल एकदाच बोलते आणि विषय सोडते. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तो घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मखमलीच्या नावाखाली मिळणारं ते नायलॉन, काखेत टोचणारी सोनेरी लेस, आणि आधी कोणी घातला, मध्ये धुतला की नाही, देव जाणे. गोव्याच्या दमट हवेत अशा कपड्यात पंधरा मिनिटांत घामोळं उठतं. मूल रडतं आणि आपण म्हणतो, स्टेजला घाबरलं. ते स्टेजला घाबरलेलं नसतं, त्याला खाजत असतं.

कात्री हातात घेण्याआधी

वेश बाहेरून आत नाही, आतून बाहेर रचायचा. म्हणजे आधी मुलाचं रोजचं, धुऊन मऊ झालेलं सुती बनियन आणि अर्धी चड्डी किंवा लेगिंग. अंगाला लागेल ते फक्त हेच. जे काही चमकायचं, फुगायचं, लोंबायचं ते त्याच्यावर. लेस, जर, टिकल्या यांच्या खाली सुती पट्टी असल्याशिवाय त्या अंगावर जाऊ द्यायच्या नाहीत.

मग मुलाला रिकाम्या हाताने चार गोष्टी करायला लावा: मांडी घालून बसणं, दोन्ही हात वर करणं, एक पायरी चढणं, आणि एकट्याने किंवा बाईंच्या मदतीने शू करून येणं. वेश तयार झाला की पुन्हा याच चार गोष्टी. चौथ्या परीक्षेत निम्मे वेश नापास होतात. बालवाडीत एका बाईंच्या हाताखाली वीस पोरं असतात. तुमच्या पोराचं धोतर सोडून पुन्हा नेसवायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

माप घ्यायचं ते डोक्याचं, खांद्यापासून घोट्यापर्यंतचं आणि कमरेचं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 49 ते 51 सेंटिमीटर असतो, त्यामुळे मुकुटाची पट्टी 58 सेंटिमीटर कापली की एकावर एक चढवायला जागा उरते. इलॅस्टिक हनुवटीखालून घेऊ नका, ते काचतं आणि मूल दोन मिनिटांत ओढून काढतं. मागे, केसांखाली घ्या.

सामान फारसं लागत नाही. जुन्या साडीचे काठ, जुनी ओढणी, पुठ्ठ्याचे खोके, वर्तमानपत्रं, फेव्हिकॉल, मैद्याची खळ, नाडी, इलॅस्टिक, चिकटपट्टी. सेफ्टी पिना शक्य तितक्या टाळा, त्यांच्या जागी चार टाके घाला. तीन वर्षांखालच्या पोराच्या अंगावर मणी, टिकल्या, सुटी बटणं नकोत, कारण ती तोंडातच जातात.

आणखी एक गोष्ट आहे, ती फक्त आपल्याकडच्या हवेत मिळते. पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, झाप गळून पडतं, त्याच्या देठाकडचा तो रुंद, चामड्यासारखा भाग. कोकणात आणि गोव्यात त्यावर बसून एकमेकांना ओढत नेण्याचा खेळ कोण खेळलं नाही? हाच भाग रात्रभर पाण्यात भिजत घातला की मऊ पडतो, कात्रीने कापता येतो, आणि पातेल्याभोवती बांधून वाळवला की तोच आकार धरून राहतो. मुकुट, बाजूबंद, वीराचं चिलखत, राक्षसाचे कान, सगळं यातून होतं. पुठ्ठ्यापेक्षा हलका, घामाने न भिजणारा, आणि फुकट. फोंडा तालुक्यात किंवा सत्तरीत कोणाची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, असतील तर मागून आणा, कोणी नाही म्हणणार नाही. कडा मात्र धारदार राहतात, त्यावर कापडाची पट्टी चिकटवायला विसरू नका.

बाळकृष्ण

सगळ्यात जास्त वेळा लागणारा वेश हाच, म्हणून जरा सविस्तर.

पीतांबराला पिवळी सुती ओढणी घ्या. कमरेपासून घोट्यापर्यंतच्या उंचीत चार बोटं मिळवून त्या रुंदीची आडवी घडी घाला. आता हे मुलाला नेसवू नका, त्याच्या जुन्या लेगिंगला ‘नेसवा’. लेगिंग जमिनीवर पसरा. ओढणीचा मध्य मागच्या कमरपट्टीवर ठेवा, दोन्ही टोकं पुढे आणा. डाव्या टोकाच्या निऱ्या घालून त्या पुढच्या कमरपट्टीला बेंबीच्या जागी टाचा आणि खाली मोकळ्या सोडा. उजव्या टोकाच्याही निऱ्या घाला, त्या पुढे टाचून दोन पायांमधून मागे न्या आणि मागच्या कमरपट्टीला टाचा. हा झाला काष्टा. टाचताना कमरपट्टी थोडी ताणून धरायची, नाहीतर घालताना टाके तटतट तुटतात. काष्टा सैल हवा, मूल उकिडवं बसलं तरी ताणला जाऊ नये.

याचा फायदा असा की शू लागली की सगळं एकदम खाली आणि एकदम वर. नेसवणं नाही, सोडणं नाही.

वरती बनियनच्या जागी मुलाच्या रंगाशी मिळतं सुती झबलं चालतं. उघडं अंग हवंच असेल तर उपरणं एका खांद्यावरून आडवं घेऊन कमरेला दोन टाके. मुकुटासाठी पुठ्ठ्याची किंवा पोफळीची पट्टी, त्यावर साडीचा जरीचा काठ, आत जुन्या मलमलची अस्तरपट्टी. मोरपीस खरं लावलंत तर त्याचा देठ मुकुटाच्या कडेच्या वर येऊ देऊ नका. गर्दीत शेजारच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवर तो येतो. मी कागदाचंच करते: हिरव्या क्रेप कागदाचं मोठं पान, त्यावर निळा, त्यावर काळपट थेंब, कडांना कात्रीने बारीक झालर. लांबून खऱ्यासारखंच दिसतं.

बासरी वेळूची नको. तोंडात बासरी धरून पळणारं पोर पडलं तर काय होईल, हे सांगायला नको. वर्तमानपत्राची सुरळी करून वर पिवळा कागद चिकटवा, पडली तर चेपेल.

राहिला निळा रंग. तो हवाच का, असं मला दरवर्षी वाटतं. माशेलच्या देवळात देवकीच्या कडेवर बसलेला कृष्ण आहे, त्याला बघायला येणारं लहान मूल त्याच्या निळेपणाने ओढलं जात नाही, आईच्या कडेवर आहे म्हणून ओढलं जातं. कपाळाला चंदनाचं गंध, गालावर एक काळी तीट, पुरे झालं. शाळेचा आग्रहच असेल तर त्वचेसाठी म्हणून मिळणारा रंग आणा आणि आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. पोस्टर कलर, ऑइल पेंट, चमकी यांतलं काहीही चेहऱ्याला नाही.

शाळेने ‘गोव्याचं काहीतरी’ मागितलं तर

लोक लगेच कोळी-कोळीण करतात. ते वाईट नाही, पण मुलीसाठी कुणबी साडी त्याहून सोपी आणि सुरेख: लाल चौकड्यांचं दोनेक मीटर सुती कापड, चड्डी-बनियनवरून गुंडाळून खांद्यावर गाठ, गाठीखाली दोन टाके, लांबी घोट्याच्या बरीच वर म्हणजे पायात येत नाही. केसात अबोलीचा गजरा.

पण माझं लाडकं पात्र पोदेर. गोव्यात रोज सकाळ-संध्याकाळ पों पों करत दारात येणारा पाववाला. मुलांना तो पोलीस आणि राजा यांच्यापेक्षा जास्त ओळखीचा असतो, म्हणून अभिनय शिकवावा लागत नाही. घरातलं साधं शर्ट आणि अर्धी चड्डी. एक छोटी बांबूची टोपली, वर निळ्या प्लास्टिकचा तुकडा झाकण म्हणून. सायकलचा रबरी भोंपू मिळाला तर उत्तम. टोपलीत पुठ्ठ्याचे पाव करत बसू नका, खरेच ठेवा: दोन उंडे, एक पोळी (चपाती नव्हे, इथल्या पावाचाच एक प्रकार) आणि ती बांगडीसारखी कडक कांकणं. कार्यक्रम लांबला की तेच पोटात जातं. टोपली डोक्यावर ठेवायला लावू नका, हातात किंवा गळ्यातून पट्ट्याने पोटाशी अडकवा. सायकल हवी असेल तर पुठ्ठ्याचं हँडल पुरतं.

नरकासुर, पण घरातला

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात नाक्यानाक्यावर नरकासुर उभे राहतात, काही घराच्या छपरापेक्षा उंच. मोठमोठे स्पीकर, रात्रभर गर्दी, आणि पहाटे कृष्ण येऊन त्याला मारतो, मग तो जाळतात. चार वर्षांच्या पोराला त्या गर्दीत रात्री अकराला नेऊ नका. संध्याकाळी सातच्या आत वाड्यावर फेरी मारून अर्धवट बांधलेले नरकासुर दाखवा. सांगाडा, गवत, कागद कसा चढतो ते बघण्यात मुलांना जास्त रस असतो. आणि घरी स्वतःचा करा, मुलाच्याच उंचीचा.

मुखवट्यापासून सुरुवात, दिवाळीच्या किमान आठवडाभर आधी, कारण ऑक्टोबरातही आपल्याकडे कागद लवकर वाळत नाही. एक वाटी मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग पाच वाट्या पाण्यात घालून ढवळत शिजवा, पारदर्शक झाली की खळ झाली. जुन्या लोकांत खळीत मोरचूद घालायची पद्धत होती, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, पोरं असलेल्या घरात अजिबात नको. त्यापेक्षा खळ रोज ताजी करा.

मडकं किंवा फुगवलेला फुगा उलटा ठेवा. मडक्याला आधी खोबरेल तेलाचा हात फिरवा म्हणजे मुखवटा सुटून येतो. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या मुलाला फाडू द्या. कात्रीने कापू नका, फाडलेली कड एकमेकीत चांगली बसते. पट्टी खळीत बुडवायची, दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादा खळ काढायची, मग चिकटवायची. हे निथळणं नीट झालं नाही तर मुखवटा तीन दिवस ओलाच राहतो आणि आंबूस वास मारतो. एका दिवशी दोनच थर, पंख्याखाली. एकूण पाच-सहा थर झाले की नाक, भुवया, सुळे कागदाच्या गोळ्यांनी चढवा आणि रंगवा. रंग मुलालाच निवडू द्या. जांभळा नरकासुर झाला तर होऊ दे.

धड म्हणजे जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन्ही सुती. पायांची, हातांची टोकं सुतळीने बांधा, आत वाळलं गवत किंवा भाताचा पेंढा आणि चुरगळलेला कागद. मध्ये एक सरळ काठी, ती मुखवट्याच्या आतपर्यंत जाऊ द्या. थर्माकोल, प्लास्टिक, फटाके आत काहीही भरायचं नाही. जळताना जो धूर येतो तो त्या उंचीच्या फुप्फुसात जातो. डोळ्यांत लुकलुकणारे दिवे लावायची हौस असेल तर बटणासारखे छोटे सेल असलेले आणू नका, मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत आतून भाजतं.

त्या रात्री मुलाला आठला झोपवा, पहाटे पाचला उठवा. अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, मोठ्यांपैकी एकाने पेटवायचं आणि दुसऱ्याने मुलाला धरून दहा पावलं मागे. मूल कृष्ण झालेलं असेल तर सुदर्शन चक्र पुठ्ठ्याचं, आणि ते आग पेटण्यापूर्वी मारायचं. अंगावरचे कपडे सुतीच, ओढणी-उपरणं काढून ठेवलेलं. मग तेल-उटणं, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, आणि फोव, म्हणजे पोहे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे, ज्याच्या घरी जाल तिथे वेगळे. पाच घरांचे फोव खाऊन मूल दहा वाजता पुन्हा झोपतं, तेव्हा दुपारचे बेत ठरवू नका.

बोरन्हाण आणि कार्निव्हल

बोरन्हाण घाटावरून आलेली घरं इथेही करतात, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही. काळं झबलं जुन्या सुती साडीचं. हलव्याचे दागिने घरी करायचे तर पुठ्ठ्याच्या पट्टीवर डिंकाने चिकटवा, त्याला मागून मऊ कापड लावा आणि ऐन वेळेपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. समुद्राकाठच्या हवेत साखर पाझरते, बाहेर ठेवलेत तर दागिना चिकट होतो आणि मुंग्या आधी बोरन्हाण करून घेतात. वर्षाच्या बाळाच्या डोक्यावरून शेंगदाणे, आख्खी बोरं, गोळ्या ओतू नका, चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या पुरतात. बाकीचा खाऊ मोठ्या पोरांसाठी बाजूला ठेवा.

कार्निव्हल शनिवारी सुरू होऊन मंगळवारी संपतो, किंग मोमोची, म्हणजे कार्निव्हलच्या राजाची, मिरवणूक शहराशहरांतून निघते. इथे वेशाला नियम नाहीत, म्हणून कमीत कमी कष्ट घ्या. पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा पाच वर्षांखालच्या मुलाला सोसत नाही. काठीला लावलेला अर्धा मुखवटा द्या, हवा तेव्हा धरेल. कागदी पिसांची केसपट्टी आणि जुन्या साड्यांच्या रंगीत पट्ट्या कमरेच्या इलॅस्टिकला बांधून केलेला झगा, एवढ्यात काम होतं. मिरवणूक सांगितलेल्या वेळेला येत नाही, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा.

शिगम्याचा घोडा

घोडेमोडणी बघितली नसेल तर डिचोली किंवा सत्तरीकडे एकदा जाऊन बघा. कमरेला घोडा बांधलेले, पांढऱ्या वेशातले, फेटा घातलेले वीर हातात तलवार घेऊन ढोल-ताशावर पुढे-मागे सरकतात. मोठ्या परेडमधल्या चित्ररथांपेक्षा मुलांच्या डोक्यात हा घोडा जास्त दिवस राहतो. घरी आल्यावर ‘मला घोडा’ सुरू होतं.

त्यासाठी साधारण 40 सेंटिमीटर लांब, 28 रुंद, 25 उंच असं हलकं खोकं शोधा. तळ पूर्ण कापून टाका. वरच्या बाजूला मुलाच्या कमरेपेक्षा चार बोटं मोठं लंबगोल भोक पाडा, कडेला कापडाची पट्टी. डोकं-मान एकसंध, पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे कापून मध्ये कागद भरून चिकटवा. खोक्याला खाच पाडून मान आत सात-आठ सेंटिमीटर घुसवा आणि आतून पट्टी मारा, नुसती बाहेरून चिकटवली तर पहिल्याच उडीला मान मोडते. आयाळ आणि शेपटीला काथ्या. नारळाचं सोडण, म्हणजे वरची जाड साल, दोन दिवस भिजवून ठेचलं की धागे सुटतात, ते विंचरून बांधा. लगामाला साडीचा काठ.

पट्टे दोन, रुंद, पाठीवर एकमेकांना छेद देणारे, नाहीतर मुलांच्या उतरत्या खांद्यांवरून घसरतात. डोक्याच्या वजनाने घोडा पुढे कलतो, म्हणून पुढची टोकं भोकाच्या कडेला न बांधता मानेच्या अगदी जवळ बांधा. तरी कलला तर शेपटीकडे आतून वाळूची छोटी पुरचुंडी चिकटवा. खोक्याभोवती खाली लोंबणारं कापड गुडघ्यापर्यंतच. घोट्यापर्यंत सोडलंत तर घोडेस्वार तोंडघशी. तलवार पुठ्ठ्याची, टोक गोल.

ढोल-ताशे बघायला नेताना पथकापासून पंधरा-वीस पावलं लांब उभे राहा. त्या आवाजाने लहानांचे कान दुखतात आणि ते सांगत नाहीत, नुसते चिडतात. मोठ्या शहरांतल्या परेड रात्री उशिरापर्यंत चालतात, गावातला शिगमो दुपारी किंवा संध्याकाळी गाठलात तर मूल जागं असताना बघेल.

सांजांव

शेजारी ख्रिश्चन असतील तर 24 जूनला बोलावणं येतंच, आणि मुलांना या सणातली फुलांची कोपेलं वेड लावतात. पावसातला सण आहे, जुने कपडे घाला, वेश म्हणजे डोक्यावरचं कोपेल एवढंच. लवचीक वेलीचे दोन पीळ डोक्याच्या मापाने एकमेकीत गुंफा, केळीच्या सोपाच्या (खोडाच्या सालीच्या) दोऱ्याने जागोजागी बांधा, मग पानं, फुलं, अधूनमधून एखादं हलकं फळ. मोठ्यांच्या कोपेलावर अननस असला तरी मुलाच्या मानेला तो नको. कण्हेर, पिवळी कण्हेर, घाणेरी आणि रुई घ्यायची नाही. पहिल्या तिन्ही पोटात गेल्या तर विषारी आणि रुईचा चीक डोळ्याला घातक. जास्वंद, झेंडू, तेरडा चालेल. फुलं आधी पाण्यात बुडवून झटका, मुंग्या बाहेर पडतात. मोठी माणसं विहिरीत उड्या मारतात, ते मुलाने लांबून, मोठ्यांच्या कडेवर बसूनच बघावं. त्याच्यासाठी अंगणात पाण्याचं मोठं टब.

त्या दिवशी आणि नंतर

वेश घरून घालून नेऊ नका. बनियन-चड्डीत न्या, तिथे पोचल्यावर दहा मिनिटं आधी चढवा. पिशवीत सुईदोरा, चिकटपट्टी, एक जास्तीची चड्डी, पाणी, न सांडणारा खाऊ. मूल ऐन वेळी ‘नको’ म्हणालं तर मुकुट तरी, नाहीतर बासरी तरी, तेही नको तर राहू दे. फोटो आदल्या दिवशी घरातच काढून ठेवलेले बरे. मन तेव्हा शांत असतं, उजेडही.

कार्यक्रम झाला की वेश तसाच कपाटात कोंबू नका. गोव्यातल्या पावसाळ्यात पुठ्ठा आणि खळीचा मुखवटा ऑगस्टपर्यंत बुरशीने हिरवा होतो आणि झुरळं जमतात, त्यामुळे घोड्याचं खोकं मे अखेर फेकून द्यायचं आणि काथ्याची शेपटी तेवढी काढून ठेवायची. लेगिंगवरचा पीतांबर, जरीचे काठ, कुणबी कापड धुऊन कडक उन्हात वाळवा, जुन्या उशीच्या अभ्र्यात भरा, वर मुलाचं वय आणि उंची लिहिलेली चिठ्ठी टाचा. पुढच्या वर्षी मूल चार बोटं वाढलेलं असतं. काष्ट्याचे टाके उसवले तर तीच ओढणी मोठ्या लेगिंगवर पुन्हा चढते, आणि नाहीच पुरली तर शेजारच्या धाकट्याला होते.